परदेशी मासा घरी आणताना : बंगळुरूतील हौशी मत्स्यपालकांसाठी कायदा आणि वस्तुस्थिती

सिंगापूर किंवा बँकॉकहून निघालेले विमान साधारण चार तासांत बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळी येथील केंपेगौडा विमानतळावर उतरते. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतला निरोगी मासा एवढा प्रवास सहज सहन करतो. त्यामुळे तिकडच्या दुकानात पाहिलेला मासा आपल्या घरच्या काचपेटीत आणणे ही फारशी अवघड गोष्ट नसावी, असे अनेक हौशी मत्स्यपालकांना वाटते. परदेशातील नोकरी संपवून बंगळुरूला परतणाऱ्या कुटुंबांना तर वर्षानुवर्षे सांभाळलेले मासे मागे सोडणे जिवावर येते. परंतु भारतीय कायद्याच्या दृष्टीने जिवंत मासा हा सामानाचा भाग नाही. तो रोगाचा संभाव्य वाहक आहे, परक्या जातीचा संभाव्य प्रवेशक आहे आणि काही वेळा आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित केलेला वन्यजीवही आहे. या प्रत्येक बाबीसाठी वेगळे खाते आणि वेगळी परवानगी आहे. त्यांपैकी एक परवानगी हाती असली म्हणून दुसरीची गरज संपत नाही.

शोभेच्या माशांचा व्यापार भारतात मोठा आहे. कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट आणि चेन्नईचा कोळत्तूर परिसर ही त्याची जुनी केंद्रे होत. मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांना या छंदाची ओळख १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने करून दिली. बंगळुरूच्या दुकानांत दिसणारे बहुतेक मासे देशातच पैदास झालेले असतात. परदेशी म्हणून विकला जाणारा मासाही पुष्कळदा चेन्नईच्या आसपासच्या तळ्यांत वाढलेला असतो. उलट, मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला निऑन टेट्रा आग्नेय आशियातील पैदास केंद्रांतून जगभर जातो. त्यामुळे माशाचे मूळ स्थान आणि तो प्रत्यक्ष जेथून येतो तो देश या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि कागदपत्रांत दोन्हींची नोंद बिनचूक असावी लागते.

१९२८ ची आयात

परदेशी जिवंत मासा आणण्याच्या इतिहासात बंगळुरूचे नाव जुने आहे. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या डासांच्या अळ्या खाणारा गंबुझिया हा लहानसा मासा १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणण्यात आला. त्यावेळी बंगळुरू येथे असलेल्या रॉस इन्स्टिट्यूट या उष्णकटिबंधीय आरोग्य संस्थेमार्फत तो येथे आला. त्याआधी १९०८ च्या सुमारास गप्पी मासाही याच हेतूने भारतात आला होता. हेतू लोककल्याणाचा होता, आणणारे तज्ज्ञ होते आणि प्रश्न गंभीर होता. पुढे हे मासे विहिरींत, तळ्यांत व डबक्यांत सोडण्यात आले आणि देशभर पसरले.

गंबुझिया डासांच्या अळ्या खातो हे खरेच. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. स्थानिक माशांची अंडी व पिले तसेच बेडकांची पिलेही तो फस्त करतो. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज त्याचे नाव आहे. एकदा नैसर्गिक पाण्यात स्थिरावलेला इतका लहान मासा परत गोळा करणे कोणालाही शक्य झालेले नाही. आजच्या परवानगीच्या अटी अनेकांना जाचक वाटतात. त्यांच्या मागे अशा अनुभवांचे ओझे आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

कायद्याची चौकट

या विषयातील मूळ कायदा १८९८ चा आहे. लाइव्हस्टॉक इम्पोर्टेशन ॲक्ट या नावाने ओळखला जाणारा हा कायदा परदेशी पशूंबरोबर येणाऱ्या संसर्गजन्य रोगांना अटकाव करण्यासाठी करण्यात आला आणि २००१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पशुजन्य उत्पादनेही त्याच्या कक्षेत आली. याच चौकटीत केंद्र सरकार सॅनिटरी इम्पोर्ट परमिट देते. माल परदेशातून निघण्यापूर्वी हे अनुज्ञापत्र हाती असावे लागते. मासे विमानतळावर पोहोचल्यानंतर अर्ज करण्याची सोय या व्यवस्थेत नाही.

परक्या जलचर जातींना देशात येऊ द्यावे की नाही, याचा विचार केंद्र सरकारची स्वतंत्र राष्ट्रीय समिती करते. पूर्वी हा विषय कृषी मंत्रालयाच्या पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व मत्स्यव्यवसाय विभागाकडे होता. २०१९ मध्ये मत्स्यव्यवसायाचा वेगळा विभाग झाला आणि पाठोपाठ मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय असे स्वतंत्र मंत्रालय अस्तित्वात आले. शोभेच्या माशांच्या आयातीसाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना ठरविल्या असून आयातीस योग्य मानलेल्या ९२ जातींची सूची त्यांना जोडलेली आहे. बाजारात मात्र याहून कितीतरी अधिक परकीय जाती आढळतात. हा विरोधाभास हौशी मत्स्यपालकाने नीट समजून घ्यावा. एखादा मासा बंगळुरूच्या दुकानात उघडपणे विकला जातो, एवढ्यावरून तो आयात करण्यास परवानगी आहे असे सिद्ध होत नाही.

या सूचीशी माशाचे नाव ताडून पाहताना व्यापारी नावाचा उपयोग होत नाही. एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या जाती विकल्या जातात आणि एकाच जातीला चार नावे असतात. अर्जात, परदेशी आरोग्य प्रमाणपत्रात आणि मालाच्या यादीत शास्त्रीय नाव एकसारखेच असले पाहिजे. संकर करून तयार केलेल्या माशांची पंचाईत येथेच होते. फ्लॉवरहॉर्नसारख्या संकरित माशाला धड शास्त्रीय नावच नसते.

वाणिज्य मंत्रालयाच्या आयात धोरणाचा भाग याहून निराळा आहे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात जिवंत मासे ०३०१ या शीर्षकाखाली येतात व त्यात गोड्या पाण्यातील शोभेचे मासे आणि इतर शोभेचे मासे असे दोन स्वतंत्र उपविभाग आहेत. आयात खुली आहे की परवान्याच्या अधीन आहे, हे त्या त्या नोंदीसमोर नमूद असते आणि ते अधिसूचनेद्वारे बदलू शकते. त्यामुळे पैसे पाठविण्यापूर्वी परकीय व्यापार महासंचालनालयाचा त्या दिवशी लागू असलेला तक्ता पाहणे हाच विश्वासार्ह मार्ग होय. व्यापाराशी संबंध नसलेल्या, केवळ स्वतःच्या वापराच्या वस्तू आणणाऱ्या व्यक्तीला आयात-निर्यात संकेतांकाची सक्ती नाही. या सवलतीमुळे घरगुती हौसेसाठी आणलेल्या माशांना कोणतेच नियम लागू नाहीत, असा गैरसमज पसरलेला आढळतो. प्रत्यक्षात ती सवलत संकेतांकापुरतीच मर्यादित आहे. अनुज्ञापत्र, आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरण यांतून ती कोणालाही मोकळे करीत नाही.

हाच गैरसमज प्रवासी सामानाबाबत होतो. परदेशातील वास्तव्य संपवून परतणाऱ्यांना पाळीव प्राणी सोबत आणण्याची जी सोय आहे ती कुत्रा व मांजर यांच्यासाठी असून तिलाही संख्येची व कागदपत्रांची मर्यादा आहे. मासे तिच्यात बसत नाहीत. टपालाचा मार्गही बंदच आहे. जागतिक टपाल करारानुसार जिवंत प्राणी टपालाने पाठविता येत नाहीत. मधमाश्या, जळवा व रेशमाचे किडे यांना अपवाद आहे, माशांना नाही. परदेशी विक्रेत्याने पार्सल घरपोच देण्याची हमी दिली, तर त्याने भारतीय कायदा विचारात घेतलेला नाही किंवा तो घेण्याची त्याची इच्छा नाही, असेच समजावे.

आरोग्य प्रमाणपत्र कशासाठी

निर्यात करणाऱ्या देशातील सक्षम सरकारी अधिकाऱ्याने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र मालासोबत असावे लागते. विक्रेत्याने स्वतःच्या सहीने दिलेला दाखला येथे चालत नाही. हे औपचारिक वाटणारे कागद किती महत्त्वाचे आहेत, याचे उत्तम उदाहरण कोई या माशाचे आहे.

कोई म्हणजे रंगीत कॉमन कार्प. शास्त्रीय दृष्ट्या दोन्हींची जात एकच. महाराष्ट्रातील शेततळ्यांत आणि कर्नाटकातील तलावांत जो सायप्रिनस मासा खाण्यासाठी वाढविला जातो, त्याचाच हा सजलेला भाऊ. कोई हर्पीस विषाणूची ओळख १९९८ मध्ये इस्रायल व अमेरिकेतील मोठ्या मरतुकीनंतर पटली. या विषाणूने बाधित झालेल्या तळ्यातील बहुसंख्य मासे काही दिवसांत मरतात आणि जगलेले मासे बाहेरून निरोगी दिसत असतानाही विषाणू बाळगून असतात. शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर तो देशोदेशी गेला. २००३ मध्ये जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात त्याने कार्प माशांची प्रचंड हानी केली. असा एक निरोगी दिसणारा कोई एखाद्या बागेतल्या हौदात आला आणि त्या हौदाचे पाणी पावसाळ्यात ओसंडून ओढ्याला मिळाले, तर नुकसान हौदाच्या मालकाचे होणार नाही. ते खालच्या तळ्यात बीज सोडणाऱ्या शेतकऱ्याचे होईल. त्याचा या छंदाशी काडीचाही संबंध नसतो.

भारताने असा फटका पूर्वी सोसला आहे. १९८८ मध्ये अंगावर खोल व्रण पाडणारा माशांचा साथीचा रोग ईशान्य भारतात शिरला व काही वर्षांत देशभर पसरला. अफॅनोमायसेस नावाचा बुरशीसदृश सूक्ष्मजीव त्याचे कारण असल्याचे पुढे निष्पन्न झाले. बाजारात मासा कोणी घेईना आणि गोड्या पाण्यातील मच्छीमारांचे उत्पन्न बुडाले. या व्रणरोगासह कोई हर्पीस, कार्प माशांचा स्प्रिंग व्हायरेमिया आदी रोग जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत आणि आरोग्य प्रमाणपत्रांची पद्धत मुख्यतः अशा यादीवरच आधारलेली असते.

विमानतळावर काय घडते

परदेशातून येणाऱ्या प्राण्यांची तपासणी पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेमार्फत होते. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरू येथे आहेत. तथापि अनुज्ञापत्रात ज्या विमानतळाचे नाव असेल तेथेच माल उतरवावा लागतो. चेन्नईचे नाव असलेला माल विमान स्वस्त मिळाले म्हणून बंगळुरूला उतरविता येत नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे आयातीचे विवरणपत्र भरणे, विलगीकरण अधिकाऱ्याची तपासणी, आवश्यक तेथे नमुने घेणे आणि त्यानंतर अनुज्ञापत्रात लिहिलेल्या मुदतीपर्यंत मासे मान्यताप्राप्त जागेत वेगळे ठेवणे, असा हा क्रम आहे. घरातील दुसरी काचपेटी म्हणजे विलगीकरण केंद्र नव्हे. स्वतंत्र पाणी, स्वतंत्र जाळी, सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण आणि मरतुकीची नोंद या सोयी त्या जागेत असाव्या लागतात.

येथेच एकट्यादुकट्या हौशी व्यक्तीची आयात व्यवहारात अशक्यप्राय होते. दोन माशांसाठी लागणारे कागद दोन हजार माशांइतकेच असतात. म्हणून ज्यांच्याकडे अनुज्ञापत्र व विलगीकरणाची जागा दोन्ही आहेत, अशा आयातदाराच्या खेपेत आपली मागणी नोंदविणे हाच बहुतेकांसाठी खुला असलेला कायदेशीर मार्ग आहे. अशा वेळी आयातदाराकडून आपल्या माशाच्या शास्त्रीय नावासह पावती आणि त्या खेपेच्या अनुज्ञापत्राची प्रत मागून घ्यावी. ती देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून मासा घेऊ नये. पुढे चौकशीचा प्रसंग आलाच, तर मासा कोठून आला हे सांगण्याची पाळी मालकावर येते.

मासे पाठविण्याची पद्धतही जाणून घेण्यासारखी आहे, कारण सर्वाधिक मासे प्रवासात नव्हे तर प्रवास संपल्यावर दगावतात. हवाई वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे जिवंत प्राण्यांविषयीचे नियम पाळावे लागतात. निघण्यापूर्वी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. पिशवीत सुमारे एक तृतीयांश पाणी व उरलेल्या भागात ऑक्सिजन असतो आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बसविलेल्या असतात. प्रवासात माशाच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळत राहतो व पाणी किंचित आम्लधर्मी होते. त्याच वेळी शरीरातून बाहेर पडणारा अमोनियाही पाण्यात साठतो. पण पाणी आम्लधर्मी असल्यामुळे त्याचा बराचसा भाग कमी विषारी स्वरूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया काही मिनिटांत तीव्र विषारी होतो. तपासणीसाठी उघडलेली पिशवी पुन्हा बांधून तासन्‌तास तशीच ठेवली, तर मासे मरतात ते यामुळे. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि उघडल्यानंतर वेळ न दवडता मासे स्वच्छ पाण्यात घ्यावेत. पिशवीतले पाणी मात्र काचपेटीत ओतू नये.

बंगळुरूच्या पाण्याचीही दखल घ्यावी लागते. शहराच्या अनेक भागांना सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेले कावेरीचे पाणी मिळते. ते क्लोरीनयुक्त असल्याने सोडियम थायोसल्फेट घालून वापरावे लागते. इतर अनेक वस्त्या कूपनलिकांवर अवलंबून आहेत व ते पाणी बहुधा जड असते. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातील सिक्लिड त्यात आनंदाने राहतात, तर मऊ पाण्याच्या डिस्कसला ते मानवत नाही. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर असल्यामुळे हिवाळ्यातील रात्री उष्णकटिबंधीय माशांसाठी थंड ठरतात आणि हीटर लागतोच. दिवसा घामाने त्रासलेल्या मुंबईकराला हे पटण्यास जरा वेळ लागतो.

संरक्षित जाती

काही माशांच्या बाबतीत वरील सर्व परवानग्या पुरेशा नसतात. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. शुभशकुनी मानला जाणारा आशियाई ॲरोवाना या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. बोर्निओतील कापुआस नदीतला लाल ॲरोवाना त्यातील सर्वांत मागणी असलेला. नोंदणीकृत केंद्रांत पैदास झालेल्या माशांचाच व्यापार चालतो आणि अशा प्रत्येक माशाच्या शरीरात सूक्ष्म चिप व सोबत प्रमाणपत्र असते. आरापायमा आणि सर्व समुद्रघोडे दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ब्राझीलच्या झिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको आणि गोड्या पाण्यातील काही पाकट जाती २०२२ च्या परिषदेत दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आल्या. समुद्रघोडे व कठीण प्रवाळ यांना भारताच्या स्वतःच्या वन्यजीव कायद्यानेही २००१ पासून संरक्षण दिले आहे. तेव्हा समुद्री मत्स्यालय सजविण्यासाठी आणलेला प्रवाळाचा तुकडा हाही गुन्ह्याचा विषय होऊ शकतो.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने साइट्स कराराच्या परिशिष्टांतील जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या. अशा जिवंत प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांची नोंद करणे आता बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले व नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावरून करावयाची आहे. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत देण्यात आली होती. त्यानंतर ताबा मिळालेल्यांनी तीस दिवसांत अर्ज करावयाचा आहे. घरात दहा वर्षांपासून असलेला ॲरोवानाही यातून सुटत नाही. बंगळुरूतील किती मालकांना या तरतुदीची कल्पना आहे, हा प्रश्नच आहे. दुकानदार ती सांगण्यास फारसे उत्सुक नसतात.

तपास यंत्रणा या व्यापाराकडे संशयाने पाहतात, याला कारणे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या हवाई मालवाहतूक संकुलात महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मलेशियाहून आलेली एक खेप पकडली. कागदांवर तिच्यात शोभेचे जिवंत मासे होते. खोक्यांत मात्र कासवे, साप, सरडे असे ६६५ प्राणी दडविलेले निघाले. त्यांतील ११७ मेलेले होते. बंगळुरूच्या विमानतळावर २१ ऑगस्ट २०२३ रोजी बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात २३४ प्राणी सापडले. त्यात कांगारूचे एक पिल्लू होते व ते गुदमरून मेलेले होते. एप्रिल २०२४ मध्ये त्याच विमानतळावर बँकॉकच्याच प्रवाशाकडे दहा पिवळे ॲनाकोंडा मिळाले. अशा परिस्थितीत सामानातील पिशवीत केवळ चार टेट्रा आहेत, हा खुलासा अधिकाऱ्याच्या कानावर पडेपर्यंत पिशवी जप्त झालेली असते. चोरून आणलेला माल जप्त करण्याचा व आणणाऱ्यावर खटला भरण्याचा अधिकार सीमाशुल्क कायदा, १९६२ ने दिला आहे. जप्त माशांचे पुढे काय होते याचा विचार हौशी माणसाने करावा. त्यांना परत पाठविणे सहसा शक्य नसते आणि स्थानिक पाण्यात सोडणे तर मुळीच शक्य नसते.

काचपेटीतून नदीत

बंगळुरूत या सर्व नियमांना एक विशेष अर्थ आहे आणि तो शहराच्या भूगोलातून येतो. हे शहर नदीकाठी वसलेले नाही. ते एका उंचवट्यावर वसले आहे. पूर्वेकडचे पाणी तलावांच्या साखळीतून दक्षिण पिनाकिनीला जाते. पश्चिमेकडचे पाणी वृषभावतीमार्गे अर्कावतीला व तेथून कावेरीला मिळते. म्हणजे शहरातील एखाद्या तलावात सोडलेला मासा त्या तलावाचा राहत नाही. वृषभावतीचे पाणी इतके दूषित आहे की त्यात मासा जगेल कसा, असा प्रश्न कोणी विचारील. नाजूक मासा जगणार नाही, हे खरे. पण काचपेटीतील शेवाळ खाण्यासाठी विकला जाणारा सकर मासा हवेतील प्राणवायू गिळून जगू शकतो. बांगलादेशमार्गे चोरून भारतात आणलेला व बंदी असूनही तळ्यांत वाढविला जाणारा थाई मांगूरही तसाच. जे मासे इतरांना अशक्य अशा पाण्यातून पार होतात, तेच पुढे स्वच्छ पाण्यात पोहोचतात.

सकर मासा लहानपणी बोटभर असतो आणि दोन-तीन वर्षांत काचपेटी त्याला पुरेनाशी होते. मग मालक दयाबुद्धीने त्याला तलावात सोडतो. आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून वाराणसीच्या गंगेपर्यंत आणि केरळच्या कालव्यांपासून सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयापर्यंत तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात. बाजारात त्याला किंमत नाही. २०१८ च्या महापुरात केरळमधील मत्स्यपालकांच्या तळ्यांतून आरापायमा व ॲलिगेटर गार हे मोठे शिकारी मासे चालक्कुडी नदीत गेले. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. यांपैकी कोणताही मासा पोहत भारतात आलेला नाही.

नुकसान होण्यासाठी मासा परदेशीच असावा लागतो असेही नाही. कावेरीची हकीकत महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे. निळसर पराचा महसीर हा मुळा-मुठेच्या पाण्यातला मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. धरणांमुळे महसीर घटू लागले तेव्हा लोणावळ्यात टाटा वीज कंपनीने मत्स्यबीज केंद्र उभारले आणि १९७० च्या दशकापासून त्याची पिले इतर राज्यांना देण्यात आली. हे काम त्या काळी सर्वत्र नावाजले गेले. त्यांतील काही पिले कावेरीत सोडण्यात आली. कावेरीत मात्र पाठीवर उंचवटा असलेला, केवळ त्याच खोऱ्यात आढळणारा मोठा महसीर आधीपासून होता. १९९८ ते २०१२ या काळातील गळकऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या पराचा महसीर वाढत गेल्याचे आणि स्थानिक महसीर जवळजवळ नाहीसा झाल्याचे दिसले. या स्थानिक माशाला निश्चित शास्त्रीय नाव मिळाले २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

उलट दिशेचा व्यापारही निर्दोष नाही. केरळ व दक्षिण कर्नाटकातील नद्यांत राहणारा, अंगावर लाल रेघ असलेला डेनिसन बार्ब १९९७ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात नावाजला गेला आणि मिस केरळ या नावाने जगभर विकला जाऊ लागला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटग्रस्त जातींचे किमान पंधरा लाख गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाल्याचे एका अभ्यासात आढळले. त्यात या माशाचा वाटा फार मोठा होता. आज त्याची बंदिस्त जागेत पैदास होते. पश्चिम घाटातले मासे पाळू इच्छिणाऱ्याने पैदास केलेला मासा मागावा. नदीतून पकडलेला घेऊ नये.

नकोसा झालेला मासा

परदेशी मासा घेण्यापूर्वी त्याची पूर्ण वाढ किती होते आणि आयुष्य किती असते, याची चौकशी करावी. ॲरोवाना दोन-अडीच फूट वाढतो व वीस वर्षे सहज जगतो. त्या काळात नोकरी बदलते, घर बदलते, शहरही बदलते. सांभाळणे शक्य नसेल तर मासा दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावा. चौथ्या अनुसूचीतील मासा असल्यास हस्तांतरणाची नोंद करावी लागते. काहीच शक्य नसेल तर लवंगतेलाच्या योग्य मात्रेने, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, त्याला वेदनारहित मरण देता येते. तलावात सोडण्यापेक्षा ते बरे, असे सांगणे अनेकांना क्रूर वाटते. उजनीच्या मच्छीमाराला वाटणार नाही.

मेलेला मासा शौचकूपात किंवा गटारात टाकू नये, तो पुरावा. नव्या माशांच्या पिशवीतले पाणी ब्लीचिंग पावडर घालून काही काळ ठेवल्यानंतरच ओतावे. काचपेटीतील पाणवनस्पती व गोगलगायी यांनाही हेच लागू आहे. वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाकाव्यात. रोग किंवा मोठी मरतूक आढळल्यास बंगळुरूतील रहिवाशांना हेसरघट्टा येथील मत्स्यसंशोधन केंद्रांकडे विचारणा करता येते. तेथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आणि कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे केंद्र अशी दोन्ही केंद्रे आहेत. नमुना नेताना नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून आणि काचपेटीतील पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत घेऊन जावे.